पदकाच्या पैशावर आयकर लागतो का? नव्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

सातारा जिल्ह्यातले एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे कापडी पिशवी घेऊन आले होते. पिशवीत सत्काराची पत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, बँकेचं पासबुक आणि सात चेकच्या झेरॉक्स. मुलगी परदेशातून पदक घेऊन आली होती, गावानं जीपवरून मिरवणूक काढली होती, आणि सहा महिन्यांनी आयकर खात्याचा संदेश आला होता की तुमच्या खात्यावर जमा झालेली रक्कम आणि विवरणपत्र जुळत नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. "साहेब, पोरगी देशासाठी खेळली. मग कर कशाचा?"

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. मी गेली कित्येक वर्षं खेळाडूंच्या घरच्यांचे हिशेब बघतो. पहिलं पदक घरात येतं तेव्हा आनंदाच्या भरात कागद हरवतात, आणि पुढे तेच नडतं. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. करमाफी पदकाला चिकटलेली नसते. ती पैसे देणाऱ्याला आणि त्यानं ते कुठल्या मंजुरीखाली दिले याला चिकटलेली असते. एकाच पदकासाठी मिळालेल्या सात चेकांची करासाठीची सात वेगवेगळी उत्तरं निघू शकतात. त्या गृहस्थांच्या बाबतीत जवळजवळ तसंच झालं.

पायरी १ : चेकवर नाव कुणाचं आहे ते बघा

घरी एक वही करा. प्रत्येक रकमेपुढे चार रकाने ठेवा: कुणी दिले, कधी दिले, कशासाठी दिले, सोबत कुठला कागद आला. स्टेजवर मंत्र्यांच्या हस्ते मिळालेला मोठा पुठ्ठ्याचा चेक यात धरू नका. प्रत्यक्षात बँकेत जे नाव उमटलं तेच खरं. पालकमंत्र्यांच्या हातून मिळालेली रक्कम सरकारचीच असेल असं नाही. ती एखाद्या साखर कारखान्याची किंवा क्रीडा संघटनेची असू शकते, आणि करासाठी हा फरक फार मोठा आहे.

पायरी २ : सरकारी बक्षीस असेल तर मंजुरी शोधा

१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १०(१७अ) खेळाडूसाठी सगळ्यात महत्त्वाचं. (या लेखातली कलमं याच कायद्यातली आहेत. तो ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या पैशांना लागतो; त्यानंतरचं पायरी ७ मध्ये सांगतो.) केंद्र किंवा राज्य सरकारनं लोकहितासाठी सुरू केलेला पुरस्कार, किंवा सरकारनं दिलेलं बक्षीस, रोख असो वा वस्तूरूपात, करमुक्त असतं. अट एवढीच की केंद्र सरकारनं त्याला मंजुरी दिलेली असावी. दुसऱ्या एखाद्या संस्थेचा पुरस्कारही यात बसू शकतो, पण तिलाही केंद्राची मंजुरी लागते.

ही मंजुरी खेळाडूंना कशी मिळाली, याची गोष्ट माहीत असणं उपयोगी आहे. १९८६ साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं एक परिपत्रक काढलं होतं. जो खेळाडू व्यावसायिक नाही, त्याला मिळालेलं बक्षीस हे कौतुकाची भेट समजावं आणि त्यावर कर लावू नये, असा त्याचा आशय होता. पुढे कायद्यात भेटींवर कर लावणारी तरतूद आली. मग जानेवारी २०१४ मध्ये मंडळानं स्पष्ट केलं की ते जुनं परिपत्रक १ एप्रिल २००५ पासून लागू राहिलेलं नाही. त्याच महिन्यात वेगळा आदेश काढून ऑलिम्पिक, राष्ट्रकुल आणि आशियाई क्रीडास्पर्धांतल्या पदकविजेत्यांना केंद्र आणि राज्य सरकारांनी दिलेली बक्षिसं कलम १०(१७अ) खाली मंजूर केली. आजही कुणी जुन्या परिपत्रकाच्या भरवशावर "हौशी खेळाडूला कर नसतो" असं सांगितलं, तर ऐकू नका.

आता त्या आदेशातले शब्द नीट बघा. स्पर्धा तीन. लाभ पदकविजेत्यांना. देणारे केंद्र किंवा राज्य सरकार.

उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही वैयक्तिक विजेते ठरले. आदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. त्यानंतर दोनच महिन्यांत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसनं तीन सुवर्णपदकं मिळवली, आदितीनं सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य आणलं. खेळाडू तेच आणि धनुष्यही तेच. पण २०१४ च्या आदेशात हांगझोऊची स्पर्धा बसते, बर्लिनची बसत नाही. या दोघांच्या वैयक्तिक हिशेबाशी माझा काही संबंध नाही. मी फक्त स्पर्धांमधला फरक दाखवतोय. जागतिक अजिंक्यपद, विश्वचषक, ग्रां प्री अशा स्पर्धांसाठी सरकारी बक्षीस मिळालं तर त्यासाठी वेगळी मंजुरी आहे का, हे विचारावंच लागतं. दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, त्या दर्जाच्या यशाचं नावही त्या तीन स्पर्धांच्या यादीत नाही. मला हे खटकतं. जागतिक विजेतेपद आशियाई कांस्यापेक्षा कमी कसं? पण कायदा लिहिलाय तसाच वाचावा लागतो.

आणखी दोन गोष्टी याच आदेशाच्या शब्दांतून निघतात. चौथ्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूला राज्यानं प्रोत्साहन म्हणून रक्कम दिली, तर तो पदकविजेता नाही. प्रशिक्षकाला दिलेली रक्कमही पदकविजेत्याला दिलेली नाही. या दोघांनी "आपलंही माफ" असं गृहीत धरू नये.

म्हणून काय करायचं? जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून किंवा क्रीडा संचालनालयातून बक्षिसाचा शासन निर्णय मागून घ्या. त्यावर स्पर्धेचं नाव, तुमचं नाव, रक्कम आणि शासनाचा विभाग असायला हवा. पॅरालिम्पिकचं नाव त्या तीन स्पर्धांत नाही, म्हणून पॅरा खेळाडूंनी तर मंजुरीचा उल्लेख असलेलं पत्र आवर्जून मागावं. हे पत्र पाच वर्षांनी मिळत नाही. अधिकाऱ्यांची बदली झालेली असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा राज्य सरकारनं त्याला १ कोटी रुपये जाहीर केले. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ऑलिम्पिक पदक आणि राज्य शासनाचं बक्षीस, ही जोडी २०१४ च्या आदेशात सरळ बसणारी. त्याचं पदक गाजल्यावर आमच्या भागातल्या रायफल रेंजवर पोरांची गर्दी वाढली, आणि माझ्याकडे येणाऱ्या पालकांचीही.

पायरी ३ : बाकीचे चेक वेगळे करा

आता त्या पिशवीतल्या उरलेल्या चेकांकडे वळू. गुंतागुंत इथे आहे, म्हणून इथे जरा वेळ द्या.

सरकारी मंजुरीबाहेरची, कसलाही मोबदला न देता मिळालेली रक्कम कलम ५६(२)(x) मध्ये येते. वर्षभरात अशा सगळ्या रकमांची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. फक्त वरची नव्हे. पतसंस्थेनं ४०,००० दिले आणि एका बांधकाम व्यावसायिकानं १५,००० दिले, तर करपात्र रक्कम ५,००० नसून ५५,००० होते. हे कळल्यावर बहुतेक पालकांचा चेहरा उतरतो, म्हणून आधीच सांगतो.

पण याच कलमात काही देणाऱ्यांना वगळलेलं आहे. नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या स्थानिक संस्थांकडून मिळालेली रक्कम या बेरजेत धरत नाहीत. आयकर कायद्याखाली नोंदणी असलेल्या धर्मादाय न्यासाकडून मिळालेली रक्कमही साधारणपणे धरत नाहीत, पण त्या न्यासाचे विश्वस्त तुमच्याच घरातले नसावेत. आणि नातेवाइकांकडून आलेली रक्कम कितीही असली तरी चालते. मात्र नातेवाईक कोण, हे कायद्यानं ठरवलंय. आईवडील, आजीआजोबा, सख्खी भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी हे नातेवाईक. चुलतभाऊ, मामेबहीण, आतेभाऊ नाहीत. मामानं दिलेले लाखभर रुपये करमुक्त, पण मामेभावानं दिलेले बेरजेत येतात.

साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, बँक, कंपनी, आमदार-खासदारांनी स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे, मित्रमंडळाची वर्गणी: हे सगळं बेरजेत. आमदारांच्या नावानं चालणारी संस्था नोंदणीकृत न्यास असेल, तर तिचं नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि मगच वेगळं ठेवा.

रोख रकमेबद्दल वेगळं सांगतो. गावाकडे सत्कारात पाकीट देण्याची रीत आहे. एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यानं मना आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा बसतो, घेणाऱ्याला. मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइनच घ्या, देणाऱ्याला वाईट वाटलं तरी.

वस्तूंचं काय? मोटारसायकल किंवा मोटार भेट मिळाली तर ती या कलमातल्या 'मालमत्ते'च्या यादीत नाही. जमीन, घर, दागिने, सोनं-चांदीच्या लगडी, शेअर आहेत. म्हणजे सराफानं दिलेला सोन्याचा हार मोजला जाईल, गाडी नाही. पण खेळ हाच तुमचा व्यवसाय असेल किंवा गाडी जाहिरातीच्या बदल्यात मिळाली असेल, तर ती व्यावसायिक लाभ ठरते. २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो. त्यामुळे शोरूमवाला "फोटो काढू द्या, गाडी घ्या" म्हणतो, तेव्हा कराचं कोण बघणार हे त्याच दिवशी ठरवा.

नोकरी देणाऱ्या संस्थेनं पदकाबद्दल दिलेली रक्कम हा आणखी वेगळा प्रकार. बँक, तेल कंपनी, सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या कर्मचाऱ्याला दिलेलं बक्षीस साधारणपणे पगाराचाच भाग धरलं जातं आणि फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि त्यावर कापलेल्या कराच्या दाखल्यात, येतं. सरकारी मालकीची कंपनी म्हणजे सरकार नव्हे. रेल्वे, पोलीस अशा खात्यांत नोकरीला असाल, तर रक्कम कर्मचारी म्हणून मिळाली की सरकारचं पदक बक्षीस म्हणून, हे आदेशातच लिहून घ्या.

पायरी ४ : स्पर्धेतलं बक्षीस

आयोजकांनी दिलेली बक्षिसाची रक्कम हे सरळ उत्पन्न आहे. त्याला कुठलीही सरसकट माफी नाही. तुम्ही नियमितपणे खेळून कमावत असाल तर ते व्यवसायाचं उत्पन्न, आणि मग त्यातून प्रशिक्षकाची फी, प्रवास, फिजिओ, काडतुसं, बाण, रायफलचा घसारा हे खर्च वजा करता येतात. अधूनमधून खेळणाऱ्यासाठी ते सहसा 'इतर उत्पन्न'. बिलं दोन्ही बाबतीत ठेवाच.

एका गोष्टीकडे फार लक्ष द्या. काही स्पर्धांच्या माहितीपत्रकात, विशेषतः बुद्धिबळात, १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापू असं लिहिलेलं मी पाहिलंय. हा दर लॉटरी, शब्दकोडी, पत्त्यांचे खेळ यांच्या जिंकण्यावरचा आहे. कौशल्याच्या खेळातलं बक्षीस त्यात बसतं का, यावर करतज्ज्ञांत मतभेद आहेत. माझ्या मते बसू नये. फरक नुसता टीडीएसचा नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी नेहमीच्या दरानं लागणाऱ्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे निवासी व्यक्तीला शून्य कर येतो. लॉटरीच्या खान्यात गेलेल्या रकमेला ही सवलत नाही, खर्चाची वजावट नाही, करमुक्त उत्पन्नाची किमान मर्यादाही नाही. म्हणजे आठवीतल्या मुलानं जिंकलेल्या ४०,००० रुपयांतले १२,००० कायमचे जाऊ शकतात. पैसे निघण्याआधी आयोजकांशी बोला, कुठल्या कलमाखाली कापताय ते लेखी घ्या, आणि सीएला दाखवा.

ती १२ लाखांची गोष्ट घाबरलेल्या पालकांनी लक्षात ठेवावी. तालुक्याच्या पातळीवरचे सगळे सत्कार, पतसंस्था, कारखाना मिळून वर्षात दोन-तीन लाख करपात्र निघाले, तरी बहुतेक वेळा भरायचा कर शून्यच येतो. दडवण्यात काही फायदा नाही, दाखवण्यात तोटा नाही.

करप्रणाली निवडताना आणखी एक शंका येते: नव्या प्रणालीत गेलं की सगळ्या माफ्या जातात का? पगारातले घरभाड्यासारखे भत्ते जातात. कलम १०(१७अ) ची माफी जात नाही.

पायरी ५ : परदेशातलं बक्षीस

भारतात राहणाऱ्या खेळाडूला जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. आणि जिथे खेळलात तो देशही कर कापतो, कारण दोन देशांमधल्या बहुतेक करविषयक करारांत खेळाडूच्या उत्पन्नावर कर लावण्याचा पहिला हक्क खेळ जिथे झाला त्या देशाला दिलेला आहे. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून सर्वसाधारणपणे ३० टक्के कापतात, ब्रिटनमध्ये २० टक्के. भारत-अमेरिका करारात एक छोटी मोकळीक आहे: प्रवास आणि खेळाचे खर्च वजा जाता वर्षभराचं निव्वळ उत्पन्न १,५०० डॉलरपेक्षा जास्त नसेल, तर अमेरिकेत कर लागत नाही. छोट्या खुल्या स्पर्धा खेळायला जाणाऱ्या मुलांना हे उपयोगी पडतं.

तिकडे कापलेला कर इथल्या करातून वजा मिळतो, पण त्यासाठी तिकडचा कर-कपातीचा दाखला हवा. अमेरिकेत तो १०४२-एस नावाचा फॉर्म असतो. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी आपल्या पोर्टलवर फॉर्म ६७ भरावा लागतो आणि विवरणपत्रात परदेशी उत्पन्नाचे तक्तेही भरावे लागतात. वजावट इथल्या करापुरतीच. तिकडे जास्त कापलं गेलं तर वरचे पैसे इथे परत मिळत नाहीत. डॉलरचे रुपये स्टेट बँकेच्या खरेदी दरानं करतात, गुगलवर दिसलेल्या दरानं नाही.

कधी बक्षीस आंतरराष्ट्रीय महासंघाकडून राष्ट्रीय महासंघाकडे येतं आणि तिथून खेळाडूकडे. मग मूळ रक्कम किती होती आणि कुठे किती कापलं गेलं, याचा तपशील खेळाडूकडे येतच नाही. तो मागणं हा तुमचा हक्क आहे. ईमेलनं मागा म्हणजे पुरावा राहतो. बक्षीस घेण्यासाठी तिकडे बँकखातं उघडलं असेल, तर ते खातं शून्य शिल्लक असलं तरी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवा. याबाबत कायदा फार कडक आहे.

पायरी ६ : खेळाडू अठरा वर्षांच्या आत असेल तर

अल्पवयीन मुलाचं उत्पन्न साधारणपणे ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. पण स्वतःच्या कष्टानं किंवा कौशल्यानं कमावलेलं याला अपवाद आहे. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीनं जिंकलेलं बक्षीस तिचंच. तिच्या नावानं पॅन काढा, तिचं स्वतंत्र विवरणपत्र पालक म्हणून तुम्ही सही करून भरा. पॅन नसेल तर टीडीएस २० टक्क्यांनी कापला जातो.

पण ते पैसे मुदत ठेवीत टाकले की त्यावरचं व्याज कौशल्याचं राहत नाही. ते आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात येतं. आणि सरकारी बक्षीस करमुक्त असलं तरी त्याच्यावरचं व्याज करमुक्त नसतं. माझ्याकडे येणाऱ्या नोटिसांत निम्म्या तरी या व्याजाच्या असतात. मुद्दल माफ आहे म्हणून व्याजही माफ, अशी घरच्यांची समजूत असते. बँकेनं मुलाच्या पॅनवर व्याजाचा टीडीएस कापला असेल तर तो पालकाच्या नावे वळवण्यासाठी बँकेत लेखी निवेदन द्यावं लागतं. वर्ष संपायच्या आत द्या.

पायरी ७ : विवरणपत्र

पोर्टलवर जाऊन वार्षिक माहितीपत्रक म्हणजे एआयएस उतरवून घ्या आणि तुमच्या वहीशी ताडून बघा. करमुक्त सरकारी बक्षीस 'करमुक्त उत्पन्ना'च्या तक्त्यात दाखवा. दाखवायची सक्ती कधी नसतेही, तरी दाखवा. बँकेत कोटीभर रुपये आले आणि विवरणपत्रात त्याचा उल्लेखच नाही, तर प्रश्न येणारच. साध्या पगारदाराचा सगळ्यात छोटा फॉर्म खेळाडूला बहुधा चालत नाही. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर वेगळा फॉर्म, आणि जाहिराती सुरू झाल्या की २० लाखांच्या पुढे जीएसटी नोंदणीही. त्या टप्प्यावर सीए ठेवा, भाऊ किंवा वर्गमित्र बघून देतो म्हणाला तरी.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, करमाफीची कलमं परिशिष्टांत गेली, 'मागील वर्ष' आणि 'निर्धारण वर्ष' जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. जुने आदेश, अधिसूचना नव्या कायद्याशी विसंगत नसतील तर चालू राहतात अशी तरतूद त्यात आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतचे पैसे जुन्या कायद्यानं, त्यानंतरचे नव्यानं. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल आणि आइची-नागोया आशियाई स्पर्धांतल्या पदकांची बक्षिसं नव्या कायद्यात मोडतील. त्या वेळी नवा क्रमांक विचारून घ्या.

बाहेरून भारतात खेळायला येणाऱ्यांसाठी

परदेशातली मराठी मुलंही आता इकडे स्पर्धांना येतात, म्हणून थोडक्यात. जो भारताचा नागरिक नाही आणि अनिवासी आहे, त्याच्या इथल्या खेळाच्या उत्पन्नावर, तसंच जाहिरात आणि खेळाबद्दल वर्तमानपत्रात लिहिण्याच्या उत्पन्नावर, २० टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो. २०१२ पूर्वी हा दर १० टक्के होता. खर्च वजा होत नाही. आयोजकांनी कर कापला असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर विवरणपत्रही भरावं लागत नाही. पंच आणि सामनाधिकारी मात्र खेळाडू नव्हेत, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयानं दिलेला आहे. त्यांच्यासाठी नियम वेगळे.

आयोजकांनी दोन देशांमधला करविषयक करार दाखवून कर कापणं टाळू नये. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाचे १७ सामने भारतात, १६ पाकिस्तानात आणि ४ श्रीलंकेत झाले. तिन्ही देशांच्या संयुक्त समितीनं परदेशी मंडळांना दिलेल्या पैशांवर भारतात टीडीएस कापायला हवा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२० मध्ये सांगितलं. करारातली सवलत घ्यायची तर ती नंतर, कर कापण्यातून सुटका नाही. चोवीस वर्षं चाललेला हा वाद मी आयोजकांना नेहमी सांगतो.

एक मोठी माफी मात्र आहे, कलम १०(३९) मध्ये. ती २००५ च्या वित्त कायद्यानं आली. भारतात होणाऱ्या स्पर्धेला त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता हवी, दोनपेक्षा जास्त देश सहभागी हवेत, आणि केंद्र सरकारनं राजपत्रात ती स्पर्धा, लाभ घेणारी व्यक्ती आणि उत्पन्न अधिसूचित केलेलं हवं. तिन्ही अटी लागतात. स्पर्धा कितीही मोठी असली तरी आपोआप काही मिळत नाही. २०११ च्या विश्वचषकासाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला केंद्रानं कर सवलत दिली. २०१६ च्या टी-२० विश्वचषकाला ती मिळाली नाही आणि परिषद व भारतीय मंडळ यांच्यात पैशांवरून वर्षानुवर्षं ताणाताणी राहिली. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात बालेवाडीला झालेल्या एटीपी टेनिस स्पर्धेसारख्या ठिकाणी येणाऱ्या खेळाडूनं राजपत्र बघायचं; त्यात नाव नसेल तर २० टक्के. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे. तेव्हाही पहिला प्रश्न राजपत्राचाच असेल.

अशी माफी देश का देतात, हे ब्रिटनकडे बघितलं की कळतं. तिथल्या करखात्यानं आंद्रे आगासीच्या बूट आणि रॅकेटच्या जाहिरातींच्या पैशांतलाही ब्रिटनमधल्या खेळापुरता वाटा करपात्र धरला, आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, ते मान्य केलं. पुढे उसेन बोल्टनं याच करामुळे २०१० मध्ये लंडनला धावायचं टाळलं. २०१२ च्या ऑलिम्पिकला मात्र तो आला, कारण ऑलिम्पिकसाठी परदेशी खेळाडूंना माफी होती. अमेरिकेनं २०१६ मध्ये वेगळा कायदा करून आपल्या ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक पदकविजेत्यांचं पदक आणि त्यांच्या समितीचं बक्षीस करमुक्त केलं, ज्यांचं वर्षाचं उत्पन्न १० लाख डॉलरच्या आत आहे त्यांच्यासाठी. तिथे पॅरालिम्पिकचं नाव कायद्यात स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडेही तसं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

नोटीस आलीच तर

घाबरून पैसे भरून टाकू नका, आणि नोटीस कपाटातही ठेवू नका. आधी पोर्टलवर लॉगिन करून ती खरी आहे का बघा. एसएमएसमधल्या लिंकवर जाऊ नका. ज्या रकमेबद्दल विचारलंय ती वहीतून शोधा, तिचं पत्र जोडा, कुठल्या कलमाखाली करमुक्त आहे ते एका ओळीत लिहा, मुदतीत पाठवा. चूक तुमची असेल तर सुधारित विवरणपत्र भरा आणि व्याजासह कर भरा.

त्या शेतकरी गृहस्थांच्या सात चेकांपैकी राज्य शासनाचा चेक शासन निर्णय सापडताच मोकळा झाला, कारण पदक आशियाई स्पर्धेतलं होतं. सख्ख्या मामानं दिलेला सुटला. न्यासानं नोंदणीचं प्रमाणपत्र दिलं. कारखाना, पतसंस्था आणि एका व्यापाऱ्याचे मिळून १ लाख ६१ हजार मुलीच्या उत्पन्नात दाखवले, कर शून्य आला. ठेवीचं व्याज वडिलांच्या नावे दाखवून थोडा कर भरला. सातवा चेक नगरपालिकेचा. पैसे जमा झालेत, पण सभेचा ठराव आणि मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र अजून मिळालेलं नाही. ते दर सोमवारी त्यासाठी तालुक्याला जातात. पिशवीऐवजी आता त्यांच्या हातात निळी फाइल असते, आणि तिच्यात त्या पत्रासाठी एक रिकामं पाकीट लावून ठेवलंय.